दरारा आणि सात लिव्हरचे कुलूप

सोमवार, ४ मार्च

आज आमच्या घरी एका कुत्र्याची नियुक्ती झाली. 'नियुक्ती' हाच शब्द योग्य आहे, कारण बाबांनी त्याला पद दिले, कामाच्या वेळा सांगितल्या आणि अंगणातली बसण्याची जागाही बोटाने दाखवली. पद राखणदाराचे. उमेदवाराने पदभार स्वीकारताना प्रथम बाबांचे पाय चाटले, नंतर मामाचे, आणि शेवटी विजेचे मीटर वाचायला आलेल्या, कधीही न पाहिलेल्या गृहस्थांचे. त्या गृहस्थांना तो फाटकापर्यंत पोहोचवायलाही गेला.

आमचे कुलपांचे दुकान आहे. हे वाक्य एरवी निरुपद्रवी असते. पण जानेवारीत आमच्याच घरी चोरी झाल्यापासून आमच्या गल्लीत ते विनोदाचे पहिले वाक्य झाले आहे. चोराने मागच्या दाराच्या कोयंड्याचे स्क्रू काढले, कुलूप तसेच लटकत ठेवले आणि आईचे शिलाई मशीन, रेडिओ व बाबांचे घड्याळ नेले. बाबा दिवसभर ते कुलूप लोकांपुढे धरत होते. "बघा, ओरखडासुद्धा नाही! सात लिव्हरचं आहे, उगाच नाही!" समोरचा टेलर अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "खरंय हो. कुलूप सोडून सगळं गेलं."

तेव्हापासून मागचे दार विटांनी कायमचे बुजवलेले आहे आणि पुढच्या लोखंडी फाटकाच्या कोयंड्याला स्क्रूऐवजी कशानेही न निघणारे रिव्हेट ठोकलेले आहेत. आणखी कुलपे लावणे म्हणजे पहिले कमी पडले असे मान्य करणे. म्हणून कुत्रा. मामाचा कोणी मित्र गाव सोडून चालला होता, त्याचा हा दीड वर्षाचा, सोनेरी, झुबकेदार शेपटीचा गोल्डन रिट्रीव्हर.

"भावजी, सिंह आहे सिंह! आयाळ बघा," मामा म्हणाला.

"भुंकतो का?"

"अहो, याला भुंकायची गरजच काय? नुसता उभा राहिला तरी समोरच्याची बोबडी वळते."

सिंह त्या वेळी पाठीवर पडून चारही पाय आकाशाकडे करून आईकडून पोट खाजवून घेत होता.

बाबांनी त्याचे नाव 'दरारा' ठेवले. मी शब्दकोश काढून त्या शब्दाचा अर्थ पुन्हा पाहून घेतला.

मंगळवार, ५ मार्च

वाचनालयातून कुत्र्यांच्या जातींवरचा जाड ग्रंथ आणला. या जातीची निपज शिकाऱ्यांसाठी झाली. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून वा झुडपातून उचलून, एकही दात न लागू देता मालकाच्या हाती द्यायचा, एवढेच हिचे कर्तव्य. तोंड इतके मऊ की अंडे धरले तरी फुटू नये. 'राखणदार म्हणून उपयुक्तता' या रकान्यात लेखकाने एकच शब्द छापला आहे: नाही.

म्हणजे आमच्या घरी राखणीसाठी जो आणला आहे तो पिढ्यान्‌पिढ्या वस्तू उचलून दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यात तरबेज आहे. चोराला याहून चांगला सहकारी मिळणे अशक्य.

जेवताना मी पुस्तक उघडून बाबांच्या ताटाशेजारी ठेवले. बोलण्यापेक्षा ते सोपे वाटले.

"काय गं हे?"

मी ओळीवर बोट ठेवले. मामा (तो जेवायला असतोच) मान वाकडी करून डोकावला आणि म्हणाला, "अहो पंडितबाई, पुस्तकातला कुत्रा वेगळा, आपला वेगळा. कुलूपवाल्याची पोर, तोंडालाच कुलूप! बोलून सांग की काय ते."

बाबांनी पुस्तक मिटून बाजूला सारले. त्याच्यावर आमटीचा थेंब पडला. वाचनालयाचे पुस्तक.

शनिवार, ९ मार्च

या प्राण्याचा एक विकार माझ्या ध्यानात आला. घरी कोणीही आले की त्याला रिकाम्या तोंडाने सामोरे जाता येत नाही. तो घरभर धावतो, हाताला (तोंडाला) लागेल ते उचलतो आणि पाहुण्याला अर्पण करतो. पोस्टमनला बाबांचा मोजा. दूधवाल्याला आईचा चष्मा. गॅसची टाकी आणणाऱ्याला उशी, तीही माझी. घेणारा हसला की याचे अर्धे अंग शेपटीबरोबर हलते.

आज सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक अंडे उचलले आणि माझ्या खोलीच्या उंबरठ्यावर आणून ठेवले. तडासुद्धा गेलेला नव्हता. ग्रंथकार बरोबर होता. मी अंडे धुतले, हात तीनदा धुतले, आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की कोणाही स्वाभिमानी जिवाने मान खाली घातली असती. त्याने दुसरे अंडे आणले.

लोकांवर इतके सरसकट प्रेम करता येण्यासाठी लोकांविषयी काहीच ठाऊक नसणे आवश्यक असावे.

गुरुवार, २१ मार्च

केस. सतरंजीवर, चहात, शब्दकोशाच्या पानांत. 'अनुकंपा' आणि 'अनुक्रम' यांच्या मध्ये आज एक सोनेरी केस सापडला. केस माझ्या वह्यांवर येऊ नयेत म्हणून मी त्याला रोज सकाळी व संध्याकाळी विंचरते. हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न आहे. कानांमागचे केस गुंततात, तिथे मोठ्या दातांचा कंगवा लागतो. आईचा चालत नाही, म्हणून मी वेगळा आणला.

फिरायलाही मीच नेते, कारण आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना राखणदाराला फिरवणे कमीपणाचे वाटते. या फेऱ्यांचा एक उपद्रव असा की माणसे थांबतात. शाळेत प्रत्येक वर्षी पहिला क्रमांक असूनही ज्यांनी मला वाटेत कधी हटकले नाही, अशी माणसे आता "काय, दरारा कसा आहे?" म्हणून विचारतात. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. "बरा."

टेलरच्या बायकोला मात्र आज दोन शब्द सांगावे लागले. "बरा आहे."

शनिवार, ३० मार्च

दुकानात माझे काम किल्ल्या कापण्याचे. पडद्यामागे यंत्र आहे. एका बाजूला मूळ किल्ली, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि मध्ये फिरणारे पाते. ते इतके कर्कश ओरडते की गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचा विचारही करत नाही. नंतर कानशीने कडा घासून किल्ली पडद्याखालून बाबांच्या दिशेने सरकवायची. या जगात मला मिळालेली ही सर्वांत समाधानकारक व्यवस्था आहे.

पुढे बाबांचे भाषण चालू असते. "हे सात लिव्हरचं पितळी. किल्लीशिवाय माझ्या बापालाही उघडणार नाही, बनवणाऱ्यालाही नाही, मलाही नाही." हे भाषण मी लहानपणापासून ऐकते आहे. त्याच कुलपाची किल्ली दुकानात कुठे हरवली की बाबा दुकानाचे दार लोटून घेतात आणि एक वाकडी तार घेऊन, चहा निवायच्या आत ते उघडतात, हेही लहानपणापासून पाहते आहे. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. आईलाही नाही.

चोरीनंतर ते भाषण बाबा पूर्वीसारखे करत नाहीत. 'मलाही नाही'पर्यंत येईतो आवाज उतरतो. काल एका गिऱ्हाइकाने मध्येच विचारले, "तुमच्या घरी हेच होतं ना?" बाबा बराच वेळ कुलपावरची धूळ पुसत राहिले. तिथे धूळ नव्हती.

रविवार, ७ एप्रिल

कुत्र्याला उग्र करण्यासाठी प्रशिक्षक नेमला. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, खाकी अर्धी विजार, आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर खूश होण्याची सवय. मी त्यांना या वहीपुरते 'शिट्टीवाले' म्हणेन.

"कुत्रा म्हणजे काय?" त्यांनी अंगणात उभे राहून सर्वांना विचारले. उत्तरही त्यांनीच दिले. "राग! आत राग असतोच. तो बाहेर काढायचा, बस. बाकी सगळं आपोआप."

मग त्यांनी काठी उगारली आणि ते ओरडले. दरारा क्षणभर गोंधळला. नंतर त्याला वाटले की ही काठी आपल्यालाच द्यायची आहे. त्याने ती अलगद तोंडात धरली, अंगणाला एक फेरी मारली आणि परत आणून त्यांच्या पायांशी ठेवली. शिट्टीवाल्यांनी पुन्हा उगारली. त्याने पुन्हा आणली. असा धडा तासभर चालला. शेवटी काठी कोण कोणाला आणायला शिकवत होता हे सांगणे कठीण झाले.

"हट्टी आहे," शिट्टीवाले घाम पुसत म्हणाले.

"मूर्ख आहे," बाबा म्हणाले.

मी दोघांशीही सहमत आहे. फक्त दोघांनी ही विशेषणे कोणाला लावली याविषयी माझे मत वेगळे आहे.

बुधवार, १० एप्रिल

आज शिट्टीवाल्यांनी राग बाहेर काढण्यासाठी त्याला सकाळपासून उपाशी ठेवायला सांगितले आणि दुपारी येऊन काठीने खरोखर मारले. दरारा मोठ्याने ओरडला नाही. उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेला, आईची एक चप्पल उचलली, लंगडत परत आला आणि ती त्यांना दिली.

इतकी लाचारी मी पाहिलेली नाही. संतापाने मला जेवण गेले नाही. माझ्या वाटचा पाव ताटात तसाच राहिला आणि टाकून देणे बरे नव्हे, म्हणून त्याला घातला.

रविवार, २१ एप्रिल

परीक्षा.

बाबांनी चार लोकांत सांगून ठेवले होते, त्यामुळे चार ठिकाणी चाळीस माणसे जमली. भिंतीवर, फाटकाबाहेर, गच्चीवर, टेलरच्या ओट्यावर. शिट्टीवाल्यांचा एक पैलवान मित्र चोर होणार होता. त्याच्या उजव्या हाताला जाड गादी गुंडाळली होती, कारण दरारा तिथे चावणार होता. अंगणात स्टुलावर बाबांनी आमिष म्हणून दुकानातले नवे सात लिव्हरचे कुलूप ठेवले. ती कल्पना बाबांचीच. चोर कुलूप न्यायला येणार, कुत्रा त्याला पाडणार, आणि जानेवारीपासूनची सगळी थट्टा एका झटक्यात मिटणार. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

शिट्टी वाजली. पैलवान फाटकातून दबकत आत आला. चेहऱ्यावर फडके. मी खिडकीतून पाहत होते. पाहण्यासारखे काही असेल अशी अपेक्षा नव्हती, तरी गज घट्ट धरले होते.

दराराने त्याला पाहिले आणि त्याचा आनंद गगनात मावेना. पाहुणा! त्याने चोहीकडे नजर फिरवली, स्टूल दिसले, तो धावला, कुलूप तोंडात उचलले आणि मान उंच करून, शेपटीने सगळे अंगण झाडत, चोराच्या हातात नेऊन दिले.

मग टेलरचा आवाज. "अरे, नुसतं कुलूप काय देतोस? किल्लीपण दे की!"

जे हास्य उसळले त्याचे वर्णन मी करणार नाही. पैलवानही हसला, गादी गुंडाळलेल्या हाताने कुत्र्याच्या डोक्यावर थोपटू लागला. गच्चीवरून कोणीतरी ओरडले, "दरारा असावा तर असा!" चाळीस माणसे आणि एकाही विनोदात नावीन्य नाही.

बाबा हसले नाहीत. त्यांनी पैलवानाच्या हातून कुलूप घेतले, सदऱ्याच्या टोकाने त्याच्यावरची लाळ पुसली आणि आत गेले.

रविवार, २१ एप्रिल, नंतर

निर्णय झाला. पुढच्या रविवारी शिट्टीवाले त्याला घेऊन जाणार. त्यांच्या ओळखीचे कोणी दगडाच्या खाणीवर यंत्रांची राखण करतात, तिथे.

"तिथे शिकेल," ते चहा पिता पिता म्हणाले. "हातभर साखळी, दिवसभर ऊन, जेवण एकदाच, तेही दाखवून काढून घ्यायचं. महिन्यात असा भुंकायला लागेल की ओळखणार नाही तुम्ही."

"नाहीच लागला तर?" आईने विचारले.

"मग काय, तिथेच राहील. खाण मोठी आहे."

मामा म्हणाला, "ताई, तू नको वाईट वाटून घेऊ. मी दुसरा आणतो."

तत्त्वतः मला या निर्णयात आक्षेपार्ह काही दिसत नाही. अपात्र कर्मचारी पदावरून दूर करणे हे कोणत्याही संस्थेत योग्यच. केवळ माहितीसाठी नोंदवते की या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला दाट व वरचा लांब. उन्हात, सावलीविना ती तग धरत नाही. हे माझे मत नव्हे. त्या जाड ग्रंथाचे पृष्ठ एकशे बारा.

बुधवार, २४ एप्रिल

बाबांना पृष्ठ एकशे बारा सांगायचे ठरवले. वाक्य रात्रीच तयार केले होते. कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी, एकही अनावश्यक शब्द नाही. दुकानात जाताना वाटेत बाबांच्या बरोबरीने चालले. वाक्य घशापर्यंत आले.

"काय गं?" बाबा म्हणाले. "काही म्हणतेस?"

मी मान हलवली. नाही.

दुकानात यंत्र चालू केले. त्याच्या आवाजात ते वाक्य मी पूर्ण, स्पष्ट आणि शुद्ध उच्चारांसह म्हटले. उत्तम जमले.

शुक्रवार, २६ एप्रिल

त्याला आंघोळ घातली. दुसऱ्याच्या घरी घाणेरडा पाठवणे शोभत नाही. पाण्यात उभे राहायला मिळाले म्हणून त्याला इतका हर्ष झाला की मीही नखशिखान्त भिजले. याला पुढे काय वाढून ठेवले आहे याची पुसटशी कल्पना नाही. निर्बुद्धपणाचेही एक पराकोटीचे रूप असते, ते मी आज मांडीवर घेऊन पुसत बसले होते.

रविवार, २८ एप्रिल

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

शिट्टीवाले आणि मामा सकाळी आले. बाबा अंगणात होते, आई आत कणीक मळत होती. ते दोघे आत येताच मी फाटक लावले. चोरीनंतर फाटक उघडे ठेवायचे नाही असा घरचा नियमच आहे. फक्त कडी न घालता मी आतून कुलूप घातले. परीक्षेच्या दिवसापासून ते कुलूप कपाटात पडून होते, सात लिव्हरचे. जोडीच्या दोन्ही किल्ल्या एका कडीत ओवून मुठीत धरल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसले. यामागे काही योजना होती असे म्हणता येणार नाही. योजना असती तर तिच्यात पुढची पायरी असती.

शिट्टीवाल्यांनी दराराला पट्टा लावला. त्याने नेहमीप्रमाणे आपली मान स्वतःच पुढे केली. फाटकाशी गेल्यावर त्यांना कुलूप दिसले.

"हे कोणी लावलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि शेवटी माझ्याकडे, कारण दुसरे कोणी उरले नव्हते.

"किल्ली दे गं," बाबा म्हणाले.

मी मान हलवली.

"अगं, काय पोरखेळ आहे? दे किल्ली!"

मी पुन्हा मान हलवली. मामा हसत पुढे आला. "पंडितबाई, आज मौनव्रत का? बरं, भावजी, मागच्या दाराने जातील ते."

"मागचं दार बुजवलंय," बाबा म्हणाले.

"मग कोयंडाच उचकटू."

"रिव्हेट आहेत."

तोवर गल्लीला सुगावा लागला होता. टेलर हातातली कात्री तशीच घेऊन भिंतीपाशी आला, त्याच्यामागे त्याची बायको, तान्ह्याला कडेवर घेऊन. गच्च्यांवर माणसे उगवली. या लोकांना रविवारी दुसरा उद्योग नसतो.

"मग तुम्हीच उघडा की," शिट्टीवाले बाबांना म्हणाले. "तुमचंच कुलूप. कुलूपवाले ना तुम्ही?"

"हो हो, होऊन जाऊ दे!" टेलर म्हणाला. "बघू तरी, किल्लीशिवाय उघडतं का ते."

बाबांचा हात खिशाकडे गेला. खिशात ती वाकडी तार असते. मला ठाऊक आहे. हात तिथेच थांबला. मी बाबांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले.

आई पिठाच्या हातांनी दारात आली होती. तिने सगळा देखावा एकदा नीट पाहून घेतला आणि म्हणाली, "माझ्याकडे असती ना किल्ली, तरी मीसुद्धा दिली नसती. सांगून ठेवते."

शिट्टीवाल्यांचा धीर सुटला. पट्टा सोडून ते तरातरा माझ्यापुढे आले. "आण इकडे. आण म्हणतो ना!" त्यांचा हात माझ्या नाकासमोर होता. माझी मूठ घामाने इतकी ओली झाली होती की किल्ल्यांची कडी बोटांतून सटकली, पायरीवर आपटली आणि फरशीवर घरंगळली.

शिट्टीवाले वाकले. पण जमिनीवर पडलेली वस्तू उचलण्याच्या कलेत त्यांची स्पर्धा ज्याच्याशी होती त्याच्या शंभर पिढ्यांनी दुसरे काही केलेले नाही. दराराने कडी अलगद दातांत धरली, मान उंच केली, आणि आता ही कोणाला द्यावी म्हणून सगळ्यांकडे आळीपाळीने, अतिशय प्रेमाने पाहिले.

शिट्टीवाले तत्काळ गुडघ्यांवर बसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड झाला. "ये राजा. ये रे माझ्या सोन्या. आण, आण."

आणि तो निघाला. त्यांच्याकडेच निघाला! ज्याने उपाशी ठेवले, मारले, त्याच्याकडे, सगळी शेपूट हलवत, स्वतःच्या तुरुंगाची किल्ली स्वतःच्या तोंडात घेऊन. "आता दिलीच बघा किल्लीपण!" टेलर म्हणाला, आणि कोणीतरी हसलेही.

"दरारा!"

हा आवाज कोणाचा ते मला प्रथम कळले नाही. खूप मोठा होता. भिंतीवरून परत आला. टेलरच्या कडेचे, म्हणजे त्याच्या बायकोच्या कडेचे मूल रडू लागले.

"त्याला नाही. मला. इकडे आण!"

दरारा थांबला. त्याने मागे वळून पाहिले. मग त्याने काय विचार केला हे सांगता येणार नाही, कारण तो विचार करत नाही. पण तो वळला, माझ्याकडे आला आणि ओल्या, लाळेने माखलेल्या किल्ल्या माझ्या मांडीत ठेवल्या.

इथे थांबणे शहाणपणाचे झाले असते. परंतु ते बुधवारचे वाक्य अजून आतच होते आणि दार एकदा उघडल्यावर ते बाहेर पडले. मी उठून उभी राहिले आणि शिट्टीवाल्यांना म्हणाले, "या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, त्यामुळे सावली नसलेल्या ठिकाणी तिला बांधून ठेवणे म्हणजे तिला ठार मारणे होय, आणि आपण या प्राण्याला आजपर्यंत जे काही शिकवले त्यापेक्षा त्याने आपल्याला अधिक शिकवण्याचा प्रयत्न केला, परंतु आपली ग्रहणशक्ती तोकडी पडली. याला पुन्हा हात लावायचा नाही." छापल्यासारखे. एकही स्खलन नाही.

"काय म्हणाली?" शिट्टीवाल्यांनी मामाला विचारले.

"हात लावू नका म्हणाली," मामा म्हणाला. त्याचे तोंड उघडेच होते.

"अहो, तुम्ही उघडताय की नाही?" शिट्टीवाले बाबांवर ओरडले.

बाबांनी खिशातून हात काढला. तो रिकामा होता. ते येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले, आणि भिंतीपलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, दुकानातल्या जुन्या भाषणाच्या आवाजात म्हणाले, "सात लिव्हरचं आहे. किल्लीशिवाय माझ्या बापालाही उघडणार नाही, बनवणाऱ्यालाही नाही, मलाही नाही. आणि किल्ली जिच्याकडे आहे, ती देत नाहीये. मी काय करू?"

'मलाही नाही'ला आवाज उतरला नाही.

शिट्टीवाले भिंत चढून गेले. चढताना एक बूट आतल्या बाजूला पडला. दराराने तो ताबडतोब उचलला, भिंतीला पुढचे पाय टेकून उभा राहिला आणि त्यांच्या हातात दिला. मामाला भिंत चढणे त्याच्या पोटामुळे शक्य नव्हते, म्हणून त्याने आत येऊन चहा घेतला.

बाबांनी माझी बाजू घेतली असा गैरसमज आईचा झाला आहे. मी तो दूर केलेला नाही. वास्तविक त्यांनी दुकानाची बाजू घेतली. गल्लीसमोर तार काढली असती तर धंदाच बसला असता. एवढे मला कळते.

मात्र सगळे गेल्यावर मी किल्ली पुढे केली, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच."

गुरुवार, २ मे

टेलर दुकानात आला. सात लिव्हरचे कुलूप हवे होते. बाबा मागे गोदामात होते. मला यंत्र बंद करून पडद्याबाहेर यावे लागले.

"ताई, खरंच उघडत नाही ना हो किल्लीशिवाय?"

"तुम्ही स्वतः पाहिलेत," मी म्हणाले.

"पाहिलं बुवा. आमचं पोर अजून दचकतंय झोपेत."

हा मनुष्य आता हा विनोद किमान दोन वर्षे चालवणार. त्याने कुलूप घेतले, किल्ल्या तपासल्या, आणि जाता जाता वाकून पडद्याखालून पाहत म्हणाला, "काय दरारा, कसा आहेस?"

कारण तो आता दुकानात असतो. राखणदाराच्या पदावरून बाबांनी त्याला मुक्त केले. नवे पद अजून ठरलेले नाही. तूर्त तो पडद्याच्या अलीकडे झोपतो, यंत्राच्या कर्कश आवाजातही, आणि कापलेली किल्ली मी खाली धरली की उठून ती पुढे गिऱ्हाइकाला नेऊन देतो. गिऱ्हाईक हसते, मग पडद्याआड वाकून पाहते आणि काहीतरी विचारते, आणि मला उत्तर द्यावे लागते. माझी व्यवस्था त्याने पार मोडून टाकली आहे.

त्याच्याविषयीच्या माझ्या मतात काहीही बदल झालेला नाही. परका आणि आपला यांतला भेद त्याला कळत नाही, मान-अपमान कळत नाही, मारणाऱ्याचे त्याला स्मरण राहत नाही. शिट्टीवाले उद्या आले तर तो त्यांनाही बूट आणून देईल. आत्ता हे लिहीत असताना त्याने डोके माझ्या पावलावर ठेवले आहे आणि पाऊल पूर्ण बधिर झाले आहे. दुसरी दौत पलीकडच्या फळीवर आहे आणि या पेनातली शाई संपत आली आहे, पण मी हलले तर तो जागा होईल आणि पुन्हा सगळ्या जगाला भेटल्याचा आनंद सुरू करील. त्यापेक्षा शाई पुरेल तेवढेच लि